पर्णछत्राची जकात

वळवाची सर अवचित गाठते तेव्हा वाटसरू जवळच्या आंब्याकडे किंवा वडाकडे धाव घेतो, आणि पहिली काही मिनिटे त्या आश्रयाचे फळ त्याला मिळतेही; परंतु पाऊस रेंगाळला की तेच झाड त्याच्या मस्तकावर उघड्यावरच्या थेंबांहून टपोरे थेंब टाकू लागते, आणि आकाश निवळून ऊन पडले तरी झाडाखालचा पाऊस आणखी काही वेळ चालूच राहतो. हा अनुभव इतका अंगवळणी पडलेला आहे की त्यात विचार करण्याजोगे काही असेल अशी शंकाही सहसा कोणास येत नाही. तथापि रानाच्या माथ्यावर उतरलेला पाऊस आणि रानातील जमिनीच्या पदरी पडलेला पाऊस ह्या दोन रकमांत नेहमी फरक असतो, आणि ती तफावत किती, ती कोणाच्या खाती जमा होते, व नदी-तलावाच्या हिशेबात तिची वजावट करावी की नाही, ह्या प्रश्नांवर जलाशयांचे अभियंते, जंगलखात्याचे अधिकारी आणि हवामानशास्त्रज्ञ ह्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाद घातलेला आहे. आमच्याकडील जुन्या शहरांच्या वेशीवर जसा जकातनाका असे आणि काही अंश भरल्याखेरीज मालाची गाडी आत सरकत नसे, तसाच नाका प्रत्येक वृक्ष आपल्या माथ्यावर चालवीत असतो. ह्या नाक्याची एक खोड मात्र सरकारी नाक्याहून निराळी आहे: तो किरकोळ व्यापाऱ्याचा सगळाच माल ठेवून घेतो आणि मोठ्या तांड्याला जवळजवळ मोकळा सोडतो.

पर्णछत्रावर पडलेल्या पाण्याला तीन वाटा असतात. काही थेंब पानांच्या फटींतून थेट, किंवा पानांवर क्षणभर टेकून, खाली टपकतात. काही पाणी डहाळीवरून फांदीवर आणि फांदीवरून बुंध्यावर असे ओघळत मुळाशी पोचते. आणि उरलेले पानांच्या, सालीच्या व शेवाळाच्या अंगाशी चिकटून राहून, जमिनीचे दर्शन न घेताच, वाफेच्या रूपाने हवेत परत जाते. हा तिसरा हिस्सा म्हणजे वृक्षाची जकात होय. तो सरळ मोजता येईल असे साधे साधन नाही. उघड्यावरील पर्जन्यमापकात जमलेल्या रकमेतून पहिल्या दोन रकमा वजा करून तो काढावा लागतो, आणि वजाबाकीने निघालेल्या कोणत्याही शिलकेप्रमाणे आधीच्या सगळ्या मोजदादीतील चुका तिच्यात बिनबोभाट उतरतात.

ही मोजदाद दिसते तितकी सोपीही नाही. रानात एखाद्या जागी फांदीचे टोक अखंड गळत असते आणि तेथून हातभर अंतरावर जमीन जेमतेम ओली झालेली असते. तेव्हा झाडाखाली एकच मापक ठेवणाराला तो कोठे ठेवला ह्यावर अवलंबून असलेले उत्तर मिळते, आणि ते उत्तर रानाविषयी काहीच सांगत नाही. म्हणून कोणी मापकांची संख्या वाढवतात, कोणी जमिनीवर लांबच लांब पन्हळी मांडून त्यांचे पाणी एका पिंपात घेतात, तर बुंध्यावरून उतरणारे पाणी पकडण्यासाठी खोडाला पन्हळीचाच एक नागमोडी पट्टा घट्ट बसवून तिचे तोंड बरणीत सोडतात. बव्हेरियातील एर्न्स्ट एबरमायर ह्याने रानातील व उघड्यावरील केंद्रांवर शेजारी शेजारी निरीक्षणे घेऊन त्यांचे निष्कर्ष १८७३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, आणि वनाच्या हवामानाचा अभ्यास हौशी तर्कातून निघून मापकाच्या कक्षेत आला. पुढे अमेरिकेतील रॉबर्ट हॉर्टन ह्याने १९१९ साली ह्या विषयावर एक निबंध लिहिला. वृक्षाने घेतलेला वाटा म्हणजे पाऊस थांबल्यावर पानांवर शिल्लक राहिलेले पाणी एवढेच नसून पाऊस पडत असतानाच जे वाफ होऊन उडून जाते तेही त्यात धरले पाहिजे, ही त्याने मांडलेली गोष्ट साधी वाटली तरी पुढील सगळ्या वादाचे बीज तिच्यात होते.

पानांवर मावते किती? दाट रानाच्या माथ्यावर, त्याखालच्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या हिशेबाने, साधारणपणे एक ते दोन मिलिमीटर उंचीचा पाण्याचा थर एका वेळी राहू शकतो. ही रक्कम क्षुल्लक वाटते. परंतु कल्पना करावी की एका रानाची धारणशक्ती दीड मिलिमीटर आहे आणि त्यावर एकंदर तीस मिलिमीटर पाऊस पडावयाचा आहे. तो सगळा एका रात्रीत एकाच झडीने पडला तर पाने एकदाच भरतील, दीड मिलिमीटर आणि वर पावसातच वाफ झालेले थोडे पाणी एवढे ठेवून बाकीचे खाली सोडतील. तोच पाऊस दीड-दीड मिलिमीटरच्या वीस भुरभुरींनी आला आणि दोन भुरभुरींच्या मधल्या वेळात पाने वाळली, तर नाका वीस वेळा भरेल, वीस वेळा रिकामा होईल, आणि तीसच्या तीस मिलिमीटर पाण्यापैकी जमिनीला फटींतून निसटलेल्या थेंबांपलीकडे काही मिळणार नाही. वर्षाच्या एकूण पर्जन्याचा आकडा दोन्ही प्रसंगी तोच. तेव्हा अमुक वृक्ष पावसाचा शेकडा किती भाग अडवतो, हा नेहमी विचारला जाणारा प्रश्न अर्धाच आहे. तो पाऊस कोणत्या स्वभावाचा, हे विचारल्याखेरीज त्याला उत्तर देऊ नये.

ह्या अर्ध्या प्रश्नामुळे इंग्लंडात जो वाद उद्भवला तो विस्ताराने सांगण्याजोगा आहे. इंग्लंडच्या वायव्य भागात हॉडर नदीच्या खोऱ्यात स्टॉक्स नावाचा जलाशय असून तेथून फाइल्ड जलमंडळ समुद्रकाठच्या शहरांना पाणी पुरवीत असे. जलाशयाभोवतीच्या टेकड्यांवर झाडे लावावी, म्हणजे पाणी निर्मळ राहते आणि जमीन धरून राहते, ही त्या काळची सर्वसंमत समजूत होती, आणि तिला अनुसरून तेथे उत्तर अमेरिकेतून आणलेल्या सिट्का स्प्रूस ह्या सूचिपर्णी वृक्षांची रोपवने उभी राहिली होती. मंडळाचा अभियंता फ्रँक लॉ ह्याला मात्र पाण्याचा जमाखर्च जुळेना. त्याने रोपवनातील एका लहानशा तुकड्याला भोवतालच्या जमिनीपासून अलग करून त्यातून निघणारे सगळे पाणी मोजण्याची व्यवस्था केली, आणि १९५६ साली जाहीर केले की स्प्रूसच्या तुकड्यातून मिळणारे पाणी कुरणातून मिळणाऱ्या पाण्यापेक्षा पुष्कळच कमी आहे, व ह्या तुटीचा मोठा भाग झाडांनी माथ्यावरच अडवून हवेत उडवून दिलेल्या पावसाचा आहे. ज्या झाडांना पाण्याचे रक्षक म्हणून नेमले तेच पाण्यात वाटा मागू लागले, असा ह्याचा अर्थ होत होता, आणि तो कोणालाच रुचला नाही.

आक्षेप दोन होते आणि दोन्ही वजनदार होते. पहिला असा की एक किलोग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खर्च होते. इंग्लंडसारख्या ढगाळ मुलखात, तेही पावसाळी दिवशी, इतक्या पाण्याची वाफ करण्याएवढी उष्णता सूर्याकडून येतच नाही, मग ही वाफ झाली कशाच्या जोरावर? दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म होता. पान ओले असते तोवर वृक्षाचे बाष्पोत्सर्जन थांबलेले असते, म्हणजे मुळांनी ओढून पानांच्या रंध्रांतून सोडावयाचे पाणी त्या वेळेपुरते जमिनीतच शिल्लक राहते. तेव्हा पानावरच्या पाण्याची वाफ झाली तरी तितकेच पाणी खालच्या बाजूस वाचले, आणि दोन्ही बाजू फिटून हिशेब बरोबरीत सुटला. गवताच्या बाबतीत हा युक्तिवाद बहुतांशी खरा आहे. १९४८ साली पेनमनने दिलेल्या बाष्पीभवनाच्या सूत्रावर ज्यांची बुद्धी घडली होती त्या विद्वानांना तो रानालाही लागू पडेल असे वाटणे अगदी स्वाभाविक होते.

रानाचा माथा गवतासारखा सपाट नसतो, ह्या एका गोष्टीकडे झालेले दुर्लक्ष ह्या दोन्ही आक्षेपांच्या मुळाशी होते. उंच, खडबडीत, खालीवर झालेल्या त्या पृष्ठभागावरून वारा वाहू लागला की त्यात भोवरे उठतात. हे भोवरे ओल्या पानांना लगटलेली दमट हवा क्षणाक्षणाला उचलून दूर नेतात आणि तिच्या जागी वरची कोरडी व किंचित उबदार हवा आणून ठेवतात. वाफ होण्यास लागणारी उष्णता सूर्याकडून थेट आली पाहिजे असा निर्बंध नाही. ती ह्या वाहत्या हवेतूनच घेतली जाते आणि हवा थंड होते. म्हणून ओल्या रानातील वाफ रात्रीही होते, हिवाळ्यातही होते, आणि तिचा वेग कोरड्या पानांच्या रंध्रांतून होणाऱ्या उत्सर्जनाच्या कित्येक पट असू शकतो. कारण रंध्रांवर वृक्षाचा ताबा असतो, तो ती आकसून घेऊ शकतो, परंतु पानाच्या बाहेरच्या अंगावर बसलेल्या पाण्यावर त्याचा काहीच अंमल चालत नाही. अशा रीतीने दुसऱ्या आक्षेपातील बरोबरी मोडली: वाचले थोडे आणि उडाले पुष्कळ. हे सर्व एका दिवसात उमगले नाही. माँटीथने १९६५ साली पेनमनच्या सूत्रात वाऱ्याच्या व रंध्रांच्या विरोधाला स्थान दिले, रटरने १९७१ साली पाइनच्या रानासाठी तासागणिक भरणाऱ्या व रिकाम्या होणाऱ्या पर्णछत्राचे गणित मांडले, आणि १९७९ साली गॅशने तेच गणित रोजच्या पर्जन्यमापनावरही चालवता येईल इतके सुटसुटीत करून दिले. मध्यंतरी वेल्समधील प्लिनलिमन डोंगरावर, जेथे सेव्हर्न आणि वाय ह्या दोन नद्या एकमेकींच्या शेजारी उगम पावतात, तेथे बहुतांशी रोपवनाखाली असलेले एक खोरे आणि कुरणाचे दुसरे खोरे ह्यांची वर्षानुवर्षे तुलना झाली, आणि वनाच्छादित भूमीवरील बाष्पीभवन कुरणाच्या जवळजवळ दुप्पट भरले. लॉ ह्याचा हिशेब खरा ठरला. एका पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याने, विद्यापीठीय आधार नसता, केवळ वही आणि मापकाच्या बळावर मांडलेली गोष्ट मान्य होण्यास इतकी वर्षे लागावी, ह्याचे मला फारसे आश्चर्य वाटत नाही; ज्याची तूट होते त्याला ती आधी दिसते.

परंतु येथे दुसऱ्या बाजूची चूक सुरू होते. हॉडर आणि प्लिनलिमन येथील निष्कर्ष हाती येताच, झाडे सर्वत्र पाणी खातात, असे एक सुटसुटीत वचन प्रचारात आले, आणि ते उष्ण कटिबंधातील रानांनाही बिनदिक्कत लावले जाऊ लागले. वस्तुतः ब्रिटनचा पाऊस हा बहुधा तासन्‌तास हलकेच रिमझिमत राहणारा, मध्येच थांबणारा, पुन्हा येणारा असा असतो, आणि त्यावर वारा सतत असतो. म्हणजे नाक्याला वसुलीसाठी ह्याहून सोयीचा माल मिळणे कठीण. ॲमेझॉनच्या खोऱ्यात मनाऊस शहराजवळच्या डुकी अभयारण्यात १९८० नंतरच्या दशकात अशीच मोजणी झाली. रानातील विषम गळतीने फसगत होऊ नये म्हणून मापक एका जागी न ठेवता वरचेवर नव्या जागी हलवण्याची दक्षता तेथे घेतली गेली, आणि सदाहरित, दाट, अनेक मजली अशा त्या रानात जकातीचा आकडा पावसाच्या अवघ्या ९ टक्क्यांच्या आसपास निघाला. तेथील पाऊस दुपारच्या मेघगर्जनेसह धो धो कोसळतो आणि आटोपतो. पाने भरण्यास एक क्षण, आणि मग सगळे खाली.

सह्याद्रीचा विचार करताना हा भेद डोळ्यांपुढे ठेवला पाहिजे, कारण येथे दोन्ही स्वभावांचे पाऊस एका दिवसाच्या पायवाटेवर भेटतात. महाबळेश्वरी वर्षाला ५,५०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. तेथून घाट उतरून वाईस यावे तर हाच आकडा हजाराच्या आत येतो, आणि पुढे माण-खटावच्या पट्ट्यात तो आणखी रोडावतो. आषाढात घाटमाथ्यावरील जांभळीच्या आणि अंजनीच्या रानावर दिवसाला शंभर मिलिमीटर पाऊस पडणे ही काही बातमी नव्हे. सूर्यदर्शन नाही, हवा बाष्पाने तुडुंब भरलेली, पाने आठवडेच्या आठवडे वाळलेलीच नाहीत; अशा वेळी नाका भरलेला तो भरलेलाच राहतो आणि येणारा प्रत्येक नवा थेंब तेवढ्याच पाण्याला पुढे ढकलतो. तेथे वृक्षाने घेतलेल्या हिश्शाचे प्रमाण अल्पच असणार हे वरील तत्त्वावरून उघड आहे. उलट पर्जन्यछायेच्या मुलखात, जेथे श्रावणातली एखादी भुरभुर येते, धूळ बसवते आणि वाऱ्यावर निघून जाते, तेथे दाट छायेची झाडे लावणाराने ही जकात आपल्या हिशेबात आधी धरलेली बरी. एकाच जातीचे झाड, एकाच जिल्ह्यात, एके ठिकाणी उदार आणि दुसऱ्या ठिकाणी कंजूष ठरते, आणि दोन्ही वेळा झाडाच्या स्वभावात काडीचाही फरक पडलेला नसतो.

घाटमाथ्याच्या बाबतीत तर हिशेब उलटाही होऊ शकतो. ढगच जेव्हा जमिनीला टेकून वाहू लागतात तेव्हा त्यांतील सूक्ष्म जलकण इतके हलके असतात की ते उघड्या पर्जन्यमापकात पडतच नाहीत, वाऱ्याबरोबर आडवे निघून जातात. परंतु वाटेत पाने, काटक्या, शेवाळ आणि फांद्यांवर वाढलेले नेचे लागले की ते त्यांना चिकटतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि ठिबकू लागतात. रूडोल्फ मार्लोट ह्याने दक्षिण आफ्रिकेतील टेबल माउंटनवर १९०२-०३ च्या उन्हाळ्यात शेजारी शेजारी दोन मापक ठेवले, त्यांपैकी एकावर बोरूच्या काड्यांचा जुडगा उभा केला, आणि सुमारे आठ आठवड्यांत उघड्या मापकात ५ इंच तर काड्यांच्या मापकात सुमारे ८० इंच पाणी जमले. काड्यांचा जुडगा चहूबाजूंनी वाऱ्याला सापडतो, रानातील झाड तसे सापडत नाही, म्हणून ह्या आकड्याने हुरळून जाण्याचे कारण नाही. तथापि वृक्ष पाणी अडवूनही वाढवू शकतो, एवढे त्यावरून निर्विवाद सिद्ध झाले. कॅनरी बेटांपैकी एल हिएरो येथे गारोए नावाचा एक वृक्ष अशाच धुक्याचे पाणी गाळून गावकऱ्यांच्या टाक्या भरीत असे, आणि १६१० सालच्या वादळात तो उन्मळून पडेपर्यंत प्रवासी त्याचे वर्णन चमत्कार म्हणून करीत असत.

बुंध्यावरून उतरणाऱ्या पाण्याविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे, कारण एकंदर पावसाशी त्याचे प्रमाण बहुतेक रानांत काही थोड्या टक्क्यांच्या वर जात नाही. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली ऐनाची साल आधी स्वतःची तहान भागवते आणि मग पाणी खाली सोडते. नाण्याच्या गुळगुळीत खोडावरून ते लवकर वाहू लागते. केळीचे देठ तर निसर्गानेच घडवलेली पन्हळ असल्यामुळे कोकणातील वाडीत किंवा गोव्याच्या कुळागरात केळीच्या बुडाशी जमणारे पाणी उघड्यावरील पावसाच्या कित्येक पट असते. पानांवरची धूळ, क्षार आणि पानांतूनच पाझरलेले पोटॅशियम बरोबर घेऊन हे पाणी नेमके मुळांच्या तोंडाशी पोचते, म्हणून परिमाणाने अल्प असले तरी झाडाच्या पोषणात त्याचे मोल त्याहून अधिक आहे.

आता ज्या गोष्टीविषयी सर्वांत अधिक गैरसमज आहे तिच्याकडे वळू. झाडे पावसाचा मार स्वतःच्या अंगावर झेलतात आणि जमिनीची धूप वाचवतात, हे आपण शालेय पुस्तकांपासून ऐकत आलो आहोत, आणि ते जसेच्या तसे खरे नाही. आकाशातून येणाऱ्या पावसाचे थेंब बहुधा एक ते तीन मिलिमीटर व्यासाचे असतात. पानावर ते एकत्र येतात, टोकाशी जमतात, आणि स्वतःच्या भाराने सुटतात तेव्हा त्यांचा व्यास पाच मिलिमीटरपर्यंत गेलेला असतो. असा थेंब आठ-नऊ मीटर उंचीवरून पडला तर जमिनीवर पोचेपर्यंत त्याला जवळजवळ त्याचा पूर्ण वेग, म्हणजे सेकंदाला सुमारे नऊ मीटर, लाभतो. दोन मिलिमीटरच्या थेंबाशी तुलना केली तर ह्या एका थेंबाचे वजन पंधरापटींहून अधिक आणि आघाताची ऊर्जा तीसपटीच्या घरात भरते. थेंबांची संख्या अर्थातच त्या मानाने घटते, पण तितक्याच पाण्यामागे जमिनीला बसणारा मार तरीही सुमारे दुप्पट होतो. म्हणजे उंच झाडाचे छत्र, त्याच्याखाली दुसरे काही नसेल तर, ढाल नसून हत्यार होते.

ह्या बाबतीत आपला साग सर्वांत बदनाम आहे, आणि ती बदनामी पुष्कळ अंशी न्याय्य आहे. त्याचे पान सुपाएवढे, त्यावर पाण्याचे मोठाले ओघळ जमतात. हॉल आणि काल्डर ह्या शास्त्रज्ञांनी १९९३ साली साग, निलगिरी आणि कॅरिबियन पाइन ह्यांच्या छत्राखालील थेंबांची मापे घेतली तेव्हा सागाचे थेंब सर्वांत मोठे आणि पाइनच्या सुयांवरून सुटणारे सर्वांत लहान आढळले, व त्यांच्या आघातात कित्येक पटींचा फरक निघाला. त्यातच साग उन्हाळ्यात निष्पर्ण होतो आणि पाऊस सुरू झाल्यावर सावकाश पालवतो. त्यामुळे वैशाखाच्या अखेरीस येणारे वळीव, जे बहुधा सगळ्यांत जोरदार असतात, ते त्याच्या रिकाम्या फांद्यांमधून सरळ जमिनीवर आदळतात. जमिनीवर पाचोळा असेल तर चिंता नाही. सागाच्या वाळक्या पानांचा थर जाड असतो, तो थेंबाचा आघात जिरवतो आणि पाण्याला मुरण्यास सवड देतो. परंतु फाल्गुन-चैत्रात वणवा लागून तो थर जळून गेला, आणि एकवयी, दाट लावलेल्या रोपवनात सावलीमुळे खालची झुडपे आधीच विरळ झालेली असली, तर पहिल्या पावसाबरोबर ओढ्याला लाल गढूळ पाणी येते आणि झाडांची मुळे वर्षागणिक उघडी पडत जातात. मलबारचा कलेक्टर कॉनॉली ह्याने चातू मेनन ह्यांच्या साहाय्याने १८४० नंतर निलंबूर येथे सागाची जी लागवड आरंभली, ती जहाजांसाठी लाकूड मिळावे म्हणून. त्या काळी रोपवनाकडे लाकडाच्या कोठाराखेरीज दुसऱ्या दृष्टीने पाहण्याचा प्रघातच नव्हता, आणि खालच्या मातीचा हिशेब कोणी कोणाकडे मागितला नाही. पुढे देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेत साग, साल, चीड ह्यांच्या खाली मापक मांडून पावसाची मोजणी झाली, तीही स्वातंत्र्यानंतर, १९६० नंतरच्या दशकात.

रोपवन आणि रान ह्यांतील खरा भेद मला येथेच दिसतो. सह्याद्रीच्या जुन्या रानात वरच्या मजल्यावरून सुटलेला मोठा थेंब जमिनीवर येण्यापूर्वी मधल्या मजल्यावरील अंजनीवर, मग कारवीवर, मग नेच्यावर पडत पडत फुटतो आणि अखेर पाचोळ्यावर उतरतो. त्याचा वेग प्रत्येक पायरीवर खर्ची पडलेला असतो. एकाच जातीची, एकाच उंचीची, रांगेत लावलेली झाडे हा मधला कारभार पुसून टाकतात. पाणी किती अडते ह्यापेक्षा ते कोणत्या अवस्थेत खाली येते, हा प्रश्न आमच्या मुसळधार पावसाच्या मुलखात अधिक मोलाचा आहे, आणि जकातीच्या टक्केवारीवर खर्च झालेल्या शाईच्या मानाने ह्या प्रश्नाच्या वाट्याला फार थोडी आली, असे माझे मत आहे.

पाणी एकंदर किती मिळते ह्या प्रश्नाचेही एक भारतीय उत्तर उपलब्ध आहे. उटकमंडजवळ ग्लेनमॉर्गन येथे गवताळ डोंगरावरील दोन शेजारच्या लहान पाणलोटांपैकी एकाच्या सुमारे ५९ टक्के भागावर १९७२ साली निळ्या निलगिरीची लागवड करून दुसरे तुलनेसाठी तसेच राखण्यात आले. पहिल्या दहा वर्षांच्या आवर्तनात लागवडीच्या पाणलोटातून मिळणारे पाणी सरासरी १६ टक्क्यांनी घटले, आणि झाडे तोडल्यावर खुंटांतून फुटलेल्या दुसऱ्या आवर्तनात ही घट सुमारे २५ टक्क्यांवर गेली. ही तूट केवळ पानांनी अडवलेल्या पावसाची नाही. निलगिरीचे छत्र विरळ असल्यामुळे तिची जकात माफकच असते, पण तिची मुळे गवताच्या मुळांच्या आवाक्याबाहेरचे पाणी उपसतात, आणि दोन्ही रकमा एकाच तुटीत मिसळतात. म्हणून एखाद्या झाडाविरुद्ध फिर्याद दाखल करण्यापूर्वी गुन्हा मुळांचा की पानांचा हे ठरवणे अगत्याचे आहे. मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक अलेक्झांडर गिब्सन, ज्याची नेमणूक १८४७ साली झाली, त्याने कोकणातील डोंगर उघडे पडल्यामुळे झरे आटत असल्याचे सरकारच्या नजरेस आणले होते. ग्लेनमॉर्गनचा दाखला आणि गिब्सनचे निरीक्षण परस्परविरोधी वाटतात, पण तसे ते असण्याचे कारण नाही: एक वर्षाच्या एकूण पाण्याविषयी बोलतो आणि दुसरे मार्गशीर्षानंतर झऱ्यात काय उरते त्याविषयी. उघडा डोंगर एकूण पाणी कदाचित अधिकच देईल, पण ते आषाढ-श्रावणात, एकदम, गाळासकट देईल.

कोकणातील रानाच्या इतिहासात एक प्रकरण असे आहे की ज्याच्याकडे ह्या दृष्टीने पाहणे उपयुक्त ठरावे. भाताची दाढ भाजण्यासाठी ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील शेतकरी ऐनासारख्या झाडांची कवळ तोडीत, तिच्यावर शेण, पाचोळा आणि माती ह्यांचे थर देत, व पावसाळ्यापूर्वी हा राब पेटवून देत. जंगलखात्याने ह्या शाखातोडीवर निर्बंध घातले, रयतेने तक्रारी केल्या, आणि १८८५ साली सरकारला मुंबई इलाख्यासाठी वन आयोग नेमावा लागला, ज्याने १८८७ मध्ये आपला अहवाल सादर केला. वादाचा मुद्दा फांद्यांवरील हक्काचा होता, आणि पोटाशी गाठ असलेल्या त्या मुद्द्यात मी शेतकऱ्याच्या बाजूस अधिक सहानुभूतीने पाहतो. पाण्यापुरते पाहिले तर असे दिसते की कवळ तोडलेला ऐन पावसाच्या तोंडाशी पुन्हा फुटतो. आषाढातल्या शंभर मिलिमीटरच्या दिवशी त्याच्या छाटलेल्या माथ्यामुळे नाक्यावरील वसुलीत पडणारी तूट एखाद्या मिलिमीटरची असेल. राबासाठी त्याच्या बुडाशी झाडून नेलेला पाचोळा मात्र पुढच्या माघ-फाल्गुनातील पानगळीपर्यंत भरून येत नाही, आणि मधला सगळा पावसाळा ती जमीन उघडीच असते.